आपत्ती व्यवस्थापनातील उत्कृष्ट सेवेचा गौरव: प्रस्तावापासून समारंभापर्यंत या चुका टाळा

पावसाळा संपला की जिल्हा कार्यालये, महापालिकांचे आपत्ती व्यवस्थापन कक्ष, अग्निशमन दले आणि या क्षेत्रातील स्वयंसेवी संस्था यांच्याकडे गौरवासाठी नावे मागवणारी पत्रे येऊ लागतात. पत्र योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत मुदत दोन-चार दिवसांवर आलेली असते, प्रत्यक्ष काम केलेला अधिकारी बदलून गेलेला असतो आणि मग ज्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकले होते त्याचे नाव पाठवून विषय मिटवला जातो. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. परंतु अशा घाईत दिलेल्या सन्मानाचे परिणाम पुढच्या आपत्तीत भोगावे लागतात, कारण कोणत्या कामाची दखल घेतली जाते हे पाहूनच यंत्रणेतील माणसे कोणते काम मनापासून करायचे ते ठरवत असतात.

बचावकार्य म्हणजेच सेवा, असे धरून चालणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. बोटीतून माणसे काढणारा जवान दिसतो; त्याच नदीकाठची गावे आदल्या रात्रीच रिकामी करून बोटीची गरज पडू न देणारा कर्मचारी दिसत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने केलेली व्याख्या पाहिली तर तिची सुरुवातच धोका टाळण्यापासून होते; तीव्रता कमी करणे, क्षमता बांधणी आणि पूर्वतयारी हे टप्पे त्यानंतर येतात, आणि प्रतिसाद, स्थलांतर, बचाव, मदत व पुनर्वसन यांची पाळी मागाहून येते. आपल्या गौरवयाद्यांत मात्र हा क्रम नेमका उलटा झालेला आढळतो.

ओडिशाचे उदाहरण येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्यात सुमारे १० हजार माणसे दगावली. त्यानंतर तेथे आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र राज्य प्राधिकरण उभे राहिले, किनाऱ्यावर चक्रीवादळ निवारे बांधले गेले, गावपातळीवर स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आणि नियमित सराव सुरू झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ गोपाळपूरजवळ धडकले तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. केंद्र सरकारचा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार २०२३ मध्ये या प्राधिकरणाला मिळाला तो कोणा एका थरारक सुटकेसाठी नव्हता, तर वर्षानुवर्षे चाललेल्या अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामासाठी होता. २०२५ मध्ये हाच पुरस्कार हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राला देण्यात आला. हे केंद्र त्सुनामीचे आणि उंच लाटांचे इशारे देते, म्हणजे त्याचे काम यशस्वी झाले की बातमीला विषयच उरत नाही.

याचा अर्थ प्रत्यक्ष प्रतिसाद कमी मोलाचा असा नव्हे. २०२३ मध्येच मिझोरममधील लुंगलेई अग्निशमन केंद्राचाही या पुरस्काराने सन्मान झाला. एप्रिल २०२१ मध्ये लुंगलेई शहराभोवतीच्या जंगलाला लागलेली आग दहाहून अधिक ग्राम परिषदांच्या हद्दीत पसरली असताना तेथील कर्मचारी ३२ तासांहून अधिक काळ सलग झुंजले आणि त्या धामधुमीतही त्यांनी रहिवाशांना जागेवर प्रशिक्षण देऊन कामाला लावले. जीवितहानी झाली नाही. प्रस्ताव लिहिणाऱ्याने या उदाहरणातील ‘जागेवर प्रशिक्षण’ हा तपशील लक्षात घ्यावा, कारण शौर्याची वर्णने अनेक प्रस्तावांत सापडतात, असा तपशील क्वचितच सापडतो.

उपाय सोपा आहे. नावे मागवताना पूर्वतयारी, इशारा व संदेशवहन, प्रतिसाद आणि पुनर्वसन अशा चार स्वतंत्र यादी मागवाव्यात आणि पहिल्या दोन याद्या कोऱ्या आल्या तर त्या परत पाठवाव्यात.

चांगला प्रस्ताव, चुकीचा पुरस्कार

जीवन रक्षा पदकांसाठी दरवर्षी असे प्रस्ताव जातात जे मुळातच नियमात बसत नाहीत. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक ही तिन्ही पदके दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला मिळतात. परंतु सशस्त्र दले, पोलीस आणि मान्यताप्राप्त अग्निशमन सेवा यांतील व्यक्ती त्यासाठी तेव्हाच पात्र ठरतात जेव्हा ते कृत्य त्यांच्या कर्तव्याचा भाग नसते. अग्निशमन जवानाने सुट्टीवर असताना विहिरीत पडलेले मूल काढले तर प्रस्ताव जाऊ शकतो. ड्युटीवरील बचावासाठी त्याच्या सेवेची वेगळी पदके आहेत. गावातील मच्छीमार, आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण घेतलेला स्थानिक स्वयंसेवक) किंवा शाळकरी मुलगी यांच्यासाठी मात्र हाच मार्ग योग्य आहे आणि नेमकी तीच नावे पाठवायची राहून जातात.

सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्काराची घोषणा २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीदिनी होते. संस्थेसाठी ५१ लाख रुपये व प्रमाणपत्र आणि व्यक्तीसाठी ५ लाख रुपये व प्रमाणपत्र असे त्याचे स्वरूप आहे, आणि संस्थेला मिळालेली रक्कम आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठीच वापरावी लागते. एखादी व्यक्ती स्वतःसाठी अर्ज करू शकते, तसेच दुसऱ्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे नावही सुचवू शकते. ‘वरून शिफारस आल्याशिवाय काही होत नाही’ हा समज या बाबतीत तरी सोडून द्यावा.

विशेषणांनी भरलेला आणि पुराव्याविना पाठवलेला प्रस्ताव

छाननी समितीपुढे येणाऱ्या मजकुराचा ठराविक साचा असा असतो: ‘अमुक यांनी पूरपरिस्थितीत स्वतःच्या जिवाची पर्वा न करता अहोरात्र अथक परिश्रम घेऊन अतुलनीय कामगिरी बजावली.’ या वाक्यातील नाव बदलून ते कोणत्याही तालुक्यातील कोणालाही लावता येते आणि म्हणूनच ते कोणाच्याही उपयोगाचे नाही. आता हाच मजकूर, नमुन्यादाखल, असा लिहून पाहावा: ‘धरणातून विसर्ग वाढणार असल्याचा निरोप नियंत्रण कक्षाला रात्री ११.४० वाजता मिळाला. कक्षातील कर्मचाऱ्याने १२.०५ पर्यंत नदीकाठच्या सातही गावांच्या पोलीस पाटलांना दूरध्वनी केले. दोन गावांतून उत्तर न आल्याने तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत निरोप पोहोचवला. पहाटे चारपर्यंत सातही गावे हलवण्यात आली; पाणी वस्तीत शिरले ते पावणेसहाला.’ येथे एकही विशेषण नाही, पण उत्तर न देणाऱ्या दोन गावांचा माग त्या कर्मचाऱ्याने सोडला नाही हे वाचणाऱ्याच्या मनावर ठसते.

असा मजकूर लिहायचा तर नोंदी हव्यात आणि नोंदी सहा महिन्यांनी गोळा होत नाहीत. नियंत्रण कक्षाची नोंदवही, बिनतारी संदेशांची वही, वाहनांचे लॉगबुक, निवारा केंद्रातील हजेरी आणि दैनंदिन अहवाल यांच्या प्रती आपत्ती ओसरल्यानंतरच्या आठवड्यातच एका फायलीत लावून ठेवाव्यात. व्हॉट्सॲप गटातील संदेश हा पुरावा म्हणून चालतो, मात्र फोन बदलला की तो जातो. म्हणून तो वेळीच उतरवून घ्यावा. पावसाळ्यानंतर ही फाइल तयार असेल तर पत्र कितीही उशिरा आले तरी बिघडत नाही. आकड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे: ‘वाचवलेले’ आणि ‘हलवलेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षितपणे चालत निवाऱ्यात गेलेल्या माणसांना ‘वाचवलेल्यां’च्या संख्येत धरले की अनुभवी परीक्षकाचा उरलेल्या प्रस्तावावरचाही विश्वास उडतो.

पदाचा सन्मान, कामाचा विसर

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे जिल्ह्याच्या कामगिरीचे श्रेय त्यांच्याकडे आपोआप जाते. निर्णयाची जबाबदारी त्यांची असल्याने ते पूर्णपणे अनाठायीही नाही. तथापि प्रस्तावात कोणता निर्णय कोणाचा, तो कोणी अमलात आणला आणि ऐनवेळी कोणी त्यात सुधारणा केली हे वेगवेगळे लिहिले नाही, तर गौरव पदाला मिळतो आणि पुढच्या बदलीबरोबर निघून जातो. नियंत्रण कक्षातील कंत्राटी ऑपरेटर, चालक, होमगार्ड, जेसीबीचे चालक, मृतदेहांची ओळख पटवण्याच्या कामात दिवसचे दिवस उभे असलेले रुग्णालयातील कर्मचारी आणि पंचनाम्यांसाठी चिखलातून फिरणारे तलाठी ही नावे यादीतून गळतात, कारण ती आस्थापनेच्या यादीत नसतात किंवा शिफारस करणारा त्यांना ओळखत नसतो. शिफारस मागवताना ‘आपल्या विभागाबाहेरील एका तरी व्यक्तीचे नाव द्यावे’ अशी अट घातली तर यादीचा चेहरा बराच बदलतो, असे माझे मत आहे.

जेथे काम खरोखरच पथकाचे होते तेथे पथकालाच सन्मान द्यावा आणि प्रमाणपत्रावर प्रत्येकाचे नाव छापावे. ‘व इतर सहकारी’ हे शब्द प्रमाणपत्रावर नसावेत.

बेफिकिरीला धाडस म्हणणे

लाइफ जॅकेट न घालता, दोर न बांधता पुरात उडी घेणाऱ्याचे कौतुक लोक करतील. यंत्रणेने ते तसेच्या तसे उचलू नये. बचाव करणाराच अडकला की दुसऱ्या पथकाला त्याच्यामागे जावे लागते. परीक्षकांनी प्रत्येक धाडसाच्या प्रस्तावावर सुरक्षासाधने उपलब्ध होती का, होती तर वापरली का, आणि नसल्यास ती का नव्हती, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या व्यक्तीकडे नसून खरेदीच्या फायलीत असते, आणि मग सन्मानाबरोबर ती फाइलही पुढे सरकवणे हे कार्यालयाचे काम ठरते.

समारंभातील चुका

ज्या गावात अजून ढिगारे उपसले जात आहेत त्या गावाच्या नावाने सत्कार ठेवू नये. पीडितांची, विशेषतः मुलांची आणि मृतांची छायाचित्रे पडद्यावर दाखवू नयेत. कुटुंबाने संमती दिली असली तरी त्या संमतीच्या वेळी ते कुटुंब कोणत्या मनःस्थितीत होते याचा विचार व्हावा. नावांचे उच्चार आधी विचारून घ्यावेत, कुटुंबीयांना बसायला पुढची जागा द्यावी आणि सन्मानितांना त्या दिवशी रात्रपाळी लावू नये. हवामान विभागाने रेड अलर्ट दिलेल्या दिवशी निम्मे पथक सभागृहात बसले असेल, तर कार्यक्रम पुढे ढकलणे हाच शहाणपणा.

आणखी एक गोष्ट थोडी कटू वाटेल. थकलेला भत्ता, न काढलेला विमा आणि नाकारलेली विश्रांती यांच्या जागी शाल-श्रीफळ दिले जात असेल तर ते घेणाऱ्याच्या लक्षात येतेच. सत्काराची तारीख ठरवण्यापूर्वी आस्थापना शाखेकडून त्या व्यक्तींची प्रलंबित देणी तपासून घ्यावीत.

चूक होऊन गेली असेल तर

नाव राहून गेल्याचे समारंभानंतर लक्षात आले, तर तोंडी दिलगिरीवर भागवू नये. मूळ प्रमाणपत्राच्याच दर्जाचे प्रमाणपत्र, त्याच सहीने, त्या व्यक्तीच्या कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांसमोर द्यावे आणि सेवापुस्तकात किंवा संस्थेच्या नोंदीत त्याची दखल घ्यावी. कामगिरीबाबत तक्रार किंवा चौकशी प्रलंबित असल्याचे उशिरा कळले, तर जाहीर झालेला सन्मान गाजावाजा करून काढून घेण्याऐवजी प्रदान तेवढे स्थगित ठेवावे आणि कारण संबंधिताला लेखी कळवावे.

प्रस्ताव नामंजूर झाला तर तो जसाच्या तसा पुढच्या वर्षी पाठवण्याची पद्धत सोडावी. आधी काय कमी पडले ते पाहावे: प्रकार चुकला, मुदत चुकली की पुरावे अपुरे होते. पुरावे अपुरे असतील तर मूळ नोंदवह्या, स्थलांतरित गावांतील सरपंचांची पत्रे आणि पाणी किंवा वादळ नेमके केव्हा पोहोचले याची जलसंपदा अथवा हवामान विभागाकडील नोंद जोडून नवा मजकूर लिहावा. शिफारस केलेल्या व्यक्तीने स्वतःहून सन्मान नाकारला, तर तिची मनधरणी करत बसू नये; तिने ज्या पथकाचे किंवा सहकाऱ्याचे नाव सुचवले असेल त्याची नोंद घेऊन प्रस्ताव त्या नावाने नव्याने तयार करावा.