घाटरस्त्यासाठी गाडी: आधी पारख, मग बदल

इंदूरच्या आसपास गाडी चालवण्याची मौज घ्यायची म्हटली की तेच तीन-चार रस्ते डोळ्यांसमोर येतात: सिमरोल ओलांडल्यावर चोरलकडे उतरणारा भेरूघाट, महूपलीकडची जानापावची चढण, मांडू जवळ आल्यावर लागणारी वळणे. यांपैकी कुठेही शहाण्या माणसाच्या गाडीचा काटा ऐंशीच्या पुढे जात नाही आणि बरीच वळणे चाळीस-पन्नासनेच घ्यावी लागतात. त्यामुळे स्पोर्ट्स कार किंवा तिच्या जवळपास जाणारी गाडी निवडताना, आणि नंतर तिच्यात बदल करताना, ती शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते हे दुय्यम मानावे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० ते ८० किलोमीटरच्या पट्ट्यात ती हाताला आणि पायाला काय कळवते, ही खरी कसोटी.

तुलना कागदावर सुरू करायला हरकत नाही, फक्त अश्वशक्तीचा आकडा एकटा वाचू नये; त्याला वजनाने भागावे. २०२२ साली आलेल्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीची ताकद १५० अश्वशक्ती आणि वजन साधारण सव्वा टन, म्हणजे टनामागे सुमारे १२० अश्वशक्ती. २०२३ मध्ये भारतात आलेल्या बीएमडब्ल्यू एम२ची ४६० अश्वशक्ती पावणेदोन टनांच्या घरातले वजन ओढते, म्हणजे टनामागे २६०च्या आसपास. दुसरी गाडी दुपटीहून अधिक जोरकस आहे यात शंका नाही. पण भेरूघाटात तिच्या निम्म्या ताकदीलाही वाव मिळत नाही आणि एक्सलरेटर पूर्ण दाबायचा तर तो क्षणभरच. व्हर्टसमध्ये तोच पेडल वळणामागून वळणावर तळापर्यंत नेता येतो आणि तरीही वेग मर्यादेत राहतो. मोठ्या गाडीची टिंगल करण्याचा हेतू नाही. ती जिथे खुलते तो रस्ता आपल्या जवळ नाही, इतकेच. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक आहे खरा, परंतु ती वाहन-चाचणीची संस्था आहे, रविवारी सकाळी फाटकातून आत शिरण्याची जागा नव्हे.

आता याच भागाकाराची मर्यादा पाहावी. २०१५ साली आलेल्या फियाटच्या अबार्थ पुंटोची १४५ अश्वशक्ती सुमारे बाराशे किलोंना वाटली तर उत्तर पुन्हा १२०च्या आसपासच येते. कागदावर या दोन गाड्या बहिणी ठरतात, रस्त्यावर मात्र त्यांचे स्वभाव जुळत नाहीत. पुंटोचे पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असल्यामुळे पुढचे चाक खडीवर गेले, डांबराची पकड बदलली, तर ते तळहाताला जाणवते. व्हर्टसचे विजेवर चालणारे स्टिअरिंग गावातल्या गर्दीत हलके आणि सोयीचे, पण त्याचा निरोप थोडा गाळून येतो. उलट व्हर्टसचे इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांपासूनच २५० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते, तर पुंटोमध्ये टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) जागा होईपर्यंत वाट पाहावी लागते आणि चढावरच्या वळणात गिअर चुकला की गाडी मंदावते. पुंटोला चारही चाकांना डिस्क ब्रेक, व्हर्टसला मागे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. पण ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते आणि बहुतेक काम पुढची चाके करतात, म्हणून केवळ ड्रम पाहून नाक मुरडू नये. माझा कल पुंटोकडे आहे, मात्र फियाटने इथला कारभार आवरल्यामुळे सुट्या भागांसाठी वणवण करण्याची तयारी असेल त्यानेच तिच्या वाटेला जावे.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा रिंग रोडवर जाऊन परत येते आणि तीत वातानुकूलनापलीकडे काहीच कळत नाही. आधीच विनंती करून अर्धा तास मागावा, आणि जमल्यास राजेंद्रनगर-राऊच्या बाजूला किंवा खंडवा रस्त्यावर जावे. ज्या गाड्यांची तुलना करायची त्या एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच दिवशी चालवाव्यात आणि निघण्यापूर्वी टायरमधली हवा दारावरच्या पट्टीत दिल्याप्रमाणे करून घ्यावी. विक्रीसाठी उभ्या गाड्यांत ती बरेचदा जास्त भरलेली असते आणि मग चांगली गाडीही उगाच टणक वाटते. पहिल्या काही मिनिटांत फक्त बसण्याकडे लक्ष द्यावे: टाच जमिनीवर टेकलेली असताना ब्रेकवरून एक्सलरेटरवर पाय सहज सरकतो का, उजव्या वळणात पुढच्या काचेच्या कडेचा खांब नजरेआड काही लपवतो का. त्यानंतर मोकळ्या, सरळ जागी मागे कोणी नाही हे पाहून साठवरून तीसवर येईपर्यंत ब्रेक क्रमाक्रमाने दाबावा. पेडल जितके दाबावे तितकाच वेग उतरला पाहिजे. सुरुवातीलाच हिसका देणारा ब्रेक शहरात जोरकस वाटतो, पण घाटात लयीचा विचका करतो. सेकंडहँड गाडी असेल तर चारही टायर एकाच बनावटीचे आहेत का आणि त्यांवरचा चार आकडी शिक्का काय सांगतो हेही पाहावे. २३२४ याचा अर्थ २०२४ सालच्या २३व्या आठवड्यातले उत्पादन. कडक झालेल्या जुन्या टायरांवर केलेली तुलना गाडीची नसते, रबराची असते.

गाडी घरी आल्यावर पहिला खर्च नव्या सामानावर करू नये. पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीत चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले, लिंक रॉड खडखडणारे, शॉकअप पाझरणारे असतात, आणि मालकाला ती सवय होऊन गेलेली असते. हे भाग कंपनीच्या मूळ दर्जाचे बसवून व्हील अलाइनमेंट केले की जिला विकायचे मनात होते तीच गाडी अनेकदा मनातून उतरेनाशी होते. अलाइनमेंटनंतर मिळणारा छापील कागद मात्र वाचावा: डाव्या आणि उजव्या बाजूच्या टो (चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक उभ्यात कलल्याचा कोन) यांच्या आकड्यांत तफावत राहिली असेल, तर 'चालतंय साहेब' हे उत्तर मान्य करू नये.

टायर हा पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल आहे, कारण रस्त्याला टेकलेली गाडी म्हणजे तळहाताएवढे चार ठसे. माप बदलताना हिशेब करावा. २०५/५५ आर१६ या टायरची बाजूची उंची २०५च्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिलिमीटर, तिची दुप्पट आणि १६ इंची रिमचे ४०६.४ मिलिमीटर मिळून एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर होतो. १७ इंची रिमवर २२५/४५ घेतल्यास व्यास ६३४ येतो, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहून कमी; तर २१५/५० घेतल्यास तो ६४७पर्यंत जातो. मग वेगाचा काटा कमी दाखवू लागतो आणि चाक आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता वाढते. भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा त्यावरचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी कधीही नसावा. तरीही माझे मत असे की १६ इंचीच ठेवून त्याच मापाचा अधिक पकड देणारा टायर घेणे आपल्या रस्त्यांवर शहाणपणाचे. उंच बाजूचा टायर खड्ड्यात रिम वाचवतो आणि घसरण्यापूर्वी इशाराही देतो. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. तापमान दहा अंशांनी बदलले की दाब जवळजवळ दोन पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) बदलतो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे बरोबर भरलेली गाडी मे महिन्यात पाच-सहा पीएसआयने जास्त भरलेली निघते.

ब्रेकच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १५५वर येते. लांब उतारावर डिस्क तापल्या आणि ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही, त्यामुळे पेडल एकाएकी तळाला जातो. ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गणेश घाटात ट्रकांच्या ब्रेकची यंत्रणा वेगळी, पण उष्णतेचा गुन्हा तोच. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि उतारावर ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे. त्यानंतर हवे तर चांगले पॅड घ्यावेत. परंतु शर्यतीसाठी बनवलेले पॅड टाळावेत, कारण ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि पलासिया चौकात अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा ते थंडच असतात. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल डॉट ४मध्ये कदापि मिसळू नये, डॉट ५.१ची गोष्ट वेगळी, ते चालते.

गाडी खाली बसवण्याचा मोह मोठा आहे, कारण ती दिसायला सुंदर होते. पण नुसत्या आखूड स्प्रिंगांनी शॉकअपची हालचाल कमी होते, गाडी वरचेवर बंप स्टॉपवर (हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते आणि खडबडीत वळणात चाक जमीन सोडते, म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच गमावले जाते. आपल्या वसाहतींतले गतिरोधक कोणत्या मापाने बांधले जातात हे बांधणाऱ्यालाच ठाऊक, त्यामुळे वीस मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये आणि स्प्रिंग व शॉकअप एकमेकांसाठी जुळवलेल्या जोडीनेच घ्यावेत.

इंजिनाची पाळी शेवटची. टर्बो नसलेल्या इंजिनाला रीमॅपिंगने, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला कार्यक्रम (मॅप) बदलल्याने, फारसे काही मिळत नाही. टर्बोला मिळते, पण बाकीच्या भागांची सोसण्याची ताकद विचारात घ्यावी लागते. व्हर्टस जीटीच्या ७ गिअरच्या डीएसजीची (दोन क्लच वापरून आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) कोरड्या क्लचची गिअरपेटी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठीच बनवलेली आहे आणि इंजिन आधीच तेवढा देते. तिच्यावर आणखी भार टाकणे म्हणजे क्लचचे आयुष्य पेट्रोलच्या जोडीने जाळणे. शिवाय १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेल्या मॅपवर त्याहून कमी ऑक्टेनचे साधे पेट्रोल भरले, तर उन्हाळ्यातल्या चढावर इंजिन ठोका देऊ लागते, म्हणजे इंधन अवेळी पेटू लागते. तो ऐकू येण्याआधीच संगणक ताकद कापतो आणि पैसे देऊन घेतलेला जोर नाहीसा होतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रावरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कर्णकर्कश सायलेन्सर पकडला जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग असून त्याने गाडी वेगवान होते हा बव्हंशी कानाचा भ्रम आहे. बसवलेल्या प्रत्येक भागाचे बिल जपावे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत, अन्यथा दाव्याच्या वेळी तीच सबब पुढे येते. काढलेले मूळ स्प्रिंग, पॅड आणि रिम चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवावेत. गाडी घेणारा बहुधा मूळ स्थितीतली गाडीच मागतो, आणि मागच्या सीटवर आई-वडील नियमित बसू लागले की कडक शॉकअप उतरवण्याची वेळ मालकावरही येतेच.