बाळ बारीक आहे, शुगर आली आहे? वारेला विसरून होणाऱ्या या चुका टाळा

"गूळच हाय की गं, साखर कुठं हाय?" गरोदरपणात शुगर निघालेल्या सुनेपुढं वाटी सरकवताना कोल्हापुरातल्या किती सासवा असं म्हणतात! पण पोटातल्या बाळाला गूळ-साखर हा फरक कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते ग्लुकोज, आणि तेही वारेतून, म्हणजे गर्भाशयात बाळाला नाळेनं जोडलेल्या प्लॅसेंटातून.

वार नीट पाहिली आहे कधी? ट्रेमध्ये ठेवली की भाकरीएवढी, वजनाला साधारण अर्धा किलो. एका बाजूनं गडद लाल, फाका पडल्यासारखी. दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, नाळेपासून फुटलेल्या निळसर शिरांची. बाळाचं जेवण, श्वास सगळं हिच्याच हाती. शिवाय ती हार्मोन्स बनवते. आईच्या अंगात इन्सुलिनचा असर ती हार्मोन्स मुद्दाम कमी करतात, म्हणजे बाळासाठी साखर शिल्लक राहते. आईचं स्वादुपिंड त्याला पुरं पडलं नाही, की शुगर चढते. आईचं ग्लुकोज वार ओलांडतं, इन्सुलिन ओलांडत नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, त्यानं अंगावर चरबी धरते आणि पुढं त्याला लठ्ठपणा, मधुमेहाचा धोका राहतो.

म्हणून "पहिली तपासणी नॉर्मल होती, आता कशाला?" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या हार्मोन्सचा जोर नंतर वाढतो. 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा कराच. दोन तासांनी 140 किंवा जास्त आली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

उलट बाजूची चूकही तितकीच घट्ट रुजलेली. सोनोग्राफीत बाळ बारीक निघालं की तूप, लाडू, "दोन जिवाची हाईस, खा." पण वारेचा रक्तपुरवठाच कमी असेल, तर आईनं कितीही खाल्लं तरी बाळापर्यंत पोचणार कसं? अशा वेळी बीपी आणि डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) तपासणी चुकवू नका. आणि मशेरी बंद. "दातालाच लावते, गिळत नाही" याला अर्थ नाही, निकोटीन हिरड्यांतूनच रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या आवळतं. हे मी हात जोडून सांगते. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

थायरॉईडची गोळी चालू असेल, तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर असतं.

बाळंतपणानंतरची एक चूक राहिली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं वजनाला कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबी मात्र जपलेली असते. कमी असतो तो स्नायू. अशा बाळाला गुटगुटीत करायच्या घाईत वरचं दूध, साखरपाणी सुरू करू नका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि वजन दर महिन्याला अंगणवाडीच्या काट्यावर.