बटणावर बोट पडलं की केस गेली: संशयित हॅकरचा संगणक तपासताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडचा जप्त संगणक माझ्या टेबलावर येईपर्यंत त्याला चार जणांचे हात लागलेले असतात. त्यातला एक हमखास पॉवरच्या बटणावर पडलेला असतो.

या चुकीने मला सगळ्यात जास्त पिडलंय. चाळीसगावकडून एका पोराचा लॅपटॉप आला होता. दुसऱ्याच्या बँक खात्यात घुसल्याचा संशय. पंचनाम्यात मंगळवार, दुपारी ४, लॅपटॉप बंद. सील मात्र दुसऱ्या दिवशी लागलेलं. इव्हेंट लॉग पाहतो तर विंडोज सुरू झाल्याची, ६००५ क्रमांकाची नोंद बुधवारी सकाळी ११:२० ची! खोदून विचारल्यावर एक भला माणूस म्हणाला, "चालू शे का नही, इतलंच देखं भाऊ."

इतलंच! तेवढ्यात विंडोजने रजिस्ट्री, लॉग, पेजफाइल सगळीकडे लिहिलं, राहिलेलं अपडेटही उरकलं. बचावाच्या वकिलांनी एकच विचारलं, "आरोपी कोठडीत असताना लॅपटॉपवर कोण बसलं होतं?" पुढचा पाऊण तास पिंजऱ्यात घाम पुसत मी उत्तरं देत होतो.

तेव्हापासून बंद यंत्र आलं की मी आधी बटणावर चिकटपट्टी मारतो. मग डिस्क काढून राइट ब्लॉकरला (डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला) जोडायची, इमेज म्हणजे हुबेहूब प्रत घ्यायची, एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या डेटाचा आकडी ठसा, तिथल्या तिथे पंचांसमोर लिहायची. मूळ डिस्क कपाटात, काम प्रतीवर.

चालू सापडलेल्या यंत्राचं उलटं. तिथे वायर उपटणारे शूर भेटतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, असेल तर उघडं कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकल्यासारखंच. आधी पडद्याचा फोटो, मग रॅम (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी) बाहेरच्या ड्राइव्हवर, मग बाकीचं. आपण जे जे दाबलं ते वेळेसकट वहीत.

घड्याळ. बायोसमधली (यंत्राच्या आतल्या घड्याळाची) वेळ आणि मोबाइलमधली वेळ शेजारी-शेजारी लिहा. लॉगमधल्या वेळा बहुधा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत असतात, हे दोन दिवसांचा कोर्स करून आलेले विसरतात. एकाने अहवालात रात्री ८:१० लिहिलं. त्या वेळी संशयित भुसावळला हळदीत नाचत होता, व्हिडिओसकट. त्यात साडेपाच तास मिळवा, खरी वेळ निघाली रात्री १:४०.

एसएसडीवरून उडवलेलं परत आणून देतो, असं साहेबांना कबूल करू नका. ट्रिम झालं असेल, म्हणजे ती जागा आता नको असं विंडोजने डिस्कला कळवलं असेल, तर डिस्क स्वतःच ते पुसते, राइट ब्लॉकर लावला तरी.

ऑटोप्सी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या चौकटींवर टिक मारून चहाला जाऊ नका. आधी काय शोधायचंय ते ठरवा.

मे महिन्यात यूपीएसशिवाय इमेजिंग सुरू करू नका. जळगावची वीज कुणाची नातेवाईक नाही.

आणि कागद. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र दोन भागांत आहे, दुसरा भाग तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश भरायची. पहिल्या भागावरची सही त्याच दिवशी घ्या. आठवडाभर थांबलात की सही करणाऱ्याची बदली अक्कलकुव्याला झालेली असते.