डीप पर्पलचे लाइव्ह अल्बम तुलनेसाठी कसे ऐकावेत

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा सर्वांत चांगला लाइव्ह अल्बम कोणता, असा विषय निघाला की बहुतेक चाहते ‘मेड इन जपान’चे नाव घेतात. मीही तेच घेतो. मात्र त्या उत्तरापर्यंत पोहोचताना आपण नेमके काय तोलतो आहोत हे आधी ठरवलेले नसेल, तर बँडच्या वादनाचे श्रेय मिक्सिंगला (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याला) जाते किंवा खराब ध्वनिमुद्रणाचा दोष गायकाच्या माथी येतो. लाइव्ह अल्बममध्ये तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: त्या रात्रीचे वादन, ते टेपवर कसे उतरले, आणि नंतर स्टुडिओत झालेली निवड, काटछाट व मिक्सिंग. या तिन्ही सुट्या करून ऐकता येतात. त्यासाठी डीप पर्पलइतकी सोयीची बँड क्वचितच सापडेल, कारण तिच्या एकेका काळातल्या अनेक रात्री आज उपलब्ध आहेत.

सुरुवात लाइनअपपासून, म्हणजे त्या काळी बँडमध्ये कोण होते यापासून, करावी. चाहते या लाइनअपना ‘मार्क’ म्हणतात आणि ही विभागणी मनात पक्की असल्याशिवाय तुलनेला अर्थ उरत नाही. इयन गिलन (गायन), रिची ब्लॅकमोर (गिटार), रॉजर ग्लोव्हर (बास), जॉन लॉर्ड (ऑर्गन) आणि इयन पेस (ड्रम) यांची ती मार्क २. १९७३ मध्ये गिलन व ग्लोव्हर बाहेर पडले आणि त्यांच्या जागी गायक डेव्हिड कव्हरडेल व बासवादक ग्लेन ह्यूज आले, ती मार्क ३. १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेल्यावर गिटारवादक टॉमी बोलिन आला, ती मार्क ४. ‘मेड इन जपान’ आणि ‘मेड इन युरोप’ ही नावे जोडीची वाटत असली तरी पहिला अल्बम मार्क २ चा आहे आणि दुसरा मार्क ३ चा. म्हणजे गायक वेगळा, बास वाजवणारा वेगळा आणि एक गाणेही सामाईक नाही. या दोघांना एकाच तराजूत घालून निकाल देण्याची घाई करू नये. तुलना आधी एका लाइनअपच्या आत करावी आणि मगच दुसरीकडे वळावे.

मार्क २ च्या आत तुलना करण्यासाठी जपानचा दौरा ही सर्वांत उत्तम जागा आहे. १५ व १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुदोकानमध्ये झालेले तीन कार्यक्रम ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांनी आठ ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केले. त्यातून दोन तबकड्यांचा मूळ अल्बम तयार झाला. त्यातले ‘स्मोक ऑन द वॉटर’ तेवढे पहिल्या रात्रीचे आहे, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोचे आहेत आणि बाकी चारही गाणी १६ तारखेची आहेत. हे माहीत असणे फार उपयोगाचे ठरते, कारण एका सलग मैफलीसारखा भासणारा हा अल्बम प्रत्यक्षात तीन रात्रींतून वेचलेला आहे. पुढे १९९३ मध्ये ‘लाइव्ह इन जपान’ या तीन सीडींच्या संचात तिन्ही रात्रींचा बहुतांश भाग स्वतंत्रपणे आला आणि २०१४ मध्ये तेच कार्यक्रम नव्या मिक्ससह पुन्हा निघाले. बँड तीच, वाद्ये तीच, यंत्रसामग्री तीच आणि गाणीही जवळजवळ तीच. बदलते ती फक्त रात्र. वादनातला फरक शुद्ध स्वरूपात ऐकण्याची अशी संधी रॉकमध्ये दुर्मीळ आहे.

ऐकायला बसण्यापूर्वी आवाजाची पातळी जुळवून घ्यावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तेच मुद्रण किंचित मोठ्याने वाजले की कानाला ते अधिक भरदार आणि जिवंत वाटते, आणि नंतरची रीमास्टर झालेली, म्हणजे मूळ टेपवरून नव्याने तयार केलेली, आवृत्ती बहुधा जुन्या तबकडीपेक्षा मोठ्या आवाजात कापलेली असते. त्यामुळे नव्या आवृत्तीच्या बाजूने दिलेला कौल पुष्कळदा फक्त आवाजाच्या बाजूने असतो. दोन्ही आवृत्त्यांमधला एकच भाग निवडावा, शक्यतो पेसचा ड्रम आणि गिलनचा आवाज दोन्ही चालू असतील असा, आणि गिलनचा आवाज दोन्हीकडे सारख्याच उंचीचा वाटेपर्यंत व्हॉल्यूम फिरवावा. त्यानंतर ती खूण बदलू नये. ऐकण्याचे साधनही तेच ठेवावे. एक आवृत्ती हेडफोनवर आणि दुसरी स्पीकरवर ऐकून दिलेल्या मताला काही किंमत नाही.

मग एकच गाणे घ्यावे. अख्खे अल्बम एकामागून एक ऐकले तर शेवटी फक्त सर्वसाधारण ठसा उरतो. मी ‘चाइल्ड इन टाइम’ सुचवतो, कारण त्याची रचना उघडी आहे आणि प्रत्येक टप्प्यावर कलाकाराला निर्णय घ्यावा लागतो. सुरुवात लॉर्डच्या ऑर्गनवर अगदी हलकेच होते. गिलन जवळजवळ बोलल्यासारखा गातो, आणि नंतर शब्द संपून नुसता स्वर उरतो, जो पायरीपायरीने चढत शेवटी किंकाळीपर्यंत जातो. पहिल्या फेरीत फक्त या चढणीकडे लक्ष द्यावे: गिलन पहिल्या पायरीवर किती थांबतो, सर्वांत वरच्या स्वरावर आवाज स्वच्छ राहतो की घासतो, आणि तो वर जात असताना पेस त्याच्याबरोबर चढतो की मागे राहून त्याला जागा देतो. दुसऱ्या फेरीत गाणे पुन्हा सुरुवातीपासून लावावे आणि या वेळी फक्त ब्लॅकमोरचा सोलो (एकट्या गिटारचे वादन) ऐकावा. तो कुठल्या वाक्याने सुरू होतो, वेग कधी वाढवतो, मधे कुठे एखादा स्वर धरून ठेवतो आणि शेवटी सगळी बँड एकदम थांबण्याआधीची ओढ कशी ताणतो, हे तिन्ही रात्री वेगवेगळे आहे. एका वेळी एकाच वाद्याकडे कान देण्याची ही सवय लागली की मत आपोआप नेमके होते. ‘भन्नाट वाजवले आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘सोळा तारखेला सोलो उशिरा पेटतो, पण पेटल्यावर ढिला पडत नाही’ अशा प्रकारचे वाक्य लिहिता येते.

मिक्समध्ये गिटार एका बाजूला आणि ऑर्गन दुसऱ्या बाजूला असल्याने या कामात मोठीच मदत होते. एका कानाचा हेडफोन काढला की लॉर्ड आणि ब्लॅकमोर बऱ्याच अंशी वेगळे होतात. लॉर्डचा हॅमंड ऑर्गन इतका खरखरीत होतो, की साध्या स्पीकरवर तो पुष्कळांना गिटारच वाटतो आणि त्याचे श्रेय ब्लॅकमोरच्या खात्यात जमा होते. हा अन्याय दूर करण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

ज्यांना एकाच गाण्यात दोन कलाकारांचे नाते तपासायचे आहे, त्यांनी मूळ अल्बममधले ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ घ्यावे. त्यात गिटार आणि आवाज यांची जुगलबंदी आहे: ब्लॅकमोर एक तुकडा वाजवतो, गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो, तुकडे लहान व अवघड होत जातात आणि अखेरीस गिलन सर्व काही एका लांबलचक किंकाळीत सोडून देतो. माझ्या मते लाइव्ह रॉकमधल्या गायनाचा यापेक्षा वरचा नमुना मिळणे कठीण आहे. हे मी जुन्या ओढीपोटी म्हणत नाही. प्रत्येक तुकड्याला मिळालेले उत्तर सुरात आणि तालात तपासून पाहिले, तरी ते टिकते.

यानंतर कालक्रम जोडावा. स्टॉकहोमला १२ नोव्हेंबर १९७० रोजी झालेला कार्यक्रम ‘स्कँडिनेव्हियन नाइट्स’ या नावाने १९८८ मध्ये निघाला. त्यात ‘रिंग दॅट नेक’ आणि ‘मँड्रेक रूट’ ही दोन गाणी प्रत्येकी सुमारे अर्धा तास चालतात. ज्याने ‘मँड्रेक रूट’चा तो विस्तार ऐकला आहे, त्याला ‘मेड इन जपान’च्या चौथ्या बाजूवरील ‘स्पेस ट्रकिन’’चा उत्तरार्ध वेगळाच ऐकू येतो, कारण जुन्या गाण्यातला वाद्यविस्तार नव्या गाण्याला जोडून बँडने तो पुढे चालू ठेवला होता. ९ मार्च १९७२ रोजी बीबीसीसाठी झालेला कार्यक्रमही ‘इन कॉन्सर्ट’ या अल्बममध्ये आहे. तो ‘स्मोक ऑन द वॉटर’ ज्यात आहे तो ‘मशीन हेड’ अल्बम प्रकाशित होण्याच्या काही दिवस आधीचा आहे, म्हणजे हे गाणे श्रोत्यांच्या ओळखीचे होण्यापूर्वीचा. ओसाकाचे प्रेक्षक गिटारच्या सुरुवातीच्या रिफलाच (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यालाच) ओळख दाखवतात. लंडनमध्ये तसे होणे शक्यच नव्हते. गाण्यातला हा फरक बँडच्या कौशल्याचा नाही, काळाचा आहे, आणि तो तसाच नोंदवावा.

काटछाट ओळखण्यासाठी मूळ कार्यक्रमाचा क्रम शोधून ठेवावा. जपानमध्ये ‘स्मोक ऑन द वॉटर’ दुसरे आणि ‘चाइल्ड इन टाइम’ तिसरे वाजवले जात असे. अल्बमवर त्यांची अदलाबदल झाली आहे आणि त्यामुळे पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंचा वेळ बराच सारखा होतो. ‘ब्लॅक नाइट’सारखी एन्कोरची (कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहाने वाजवलेली) गाणी तर मूळ अल्बमवर नव्हतीच, ती १९९८ च्या आवृत्तीत आली. म्हणून ‘अल्बमचा ओघ चांगला आहे’ असे म्हणताना ते कौतुक मंचावरच्या बँडचे आहे की संकलनाचे, हे स्पष्ट करावे.

मार्क ३ साठीही हीच पद्धत चालते. ‘मेड इन युरोप’ हा एप्रिल १९७५ मधल्या, ब्लॅकमोर जाण्याआधीच्या अखेरच्या कार्यक्रमांतून घेतलेला पाच गाण्यांचा अल्बम आहे. त्याच दिवसांतले ग्राट्स आणि पॅरिसचे कार्यक्रम नंतर स्वतंत्रपणे निघाले, तेव्हा ‘मिस्ट्रीटेड’ शेजारी शेजारी ठेवून ऐकता येते.

मार्क ४ बाबत मात्र विशेष काळजी घ्यावी. ‘लास्ट कॉन्सर्ट इन जपान’ हा १५ डिसेंबर १९७५ च्या टोकियोतील कार्यक्रमाचा अल्बम आहे आणि त्या रात्री बोलिनचा डावा हात धड चालत नव्हता. गिटारचे पुष्कळसे काम लॉर्डला ऑर्गनवर ओढावे लागले. केवळ हा एक अल्बम ऐकून ‘बोलिनला ही गाणी पेलली नाहीत’ असे मत पसरले आणि ते अजून पुसले गेलेले नाही. फेब्रुवारी १९७६ चा लाँग बीचचा कार्यक्रम त्याच्याबरोबर ऐकल्याशिवाय बोलिनविषयी काहीही लिहू नये. तिथे हात मोकळा आहे, सोलो वळणदार आहेत आणि ह्यूजबरोबरचे त्याचे जमणे स्पष्ट ऐकू येते.

मार्क २ पुन्हा एकत्र आल्यानंतरच्या अल्बमांना वयाचा हिशेब लावावा. ओसाकात गिलन सव्वीस वर्षांचा होता. ‘कम हेल ऑर हाय वॉटर’साठी १९९३ मध्ये स्टुटगार्ट व बर्मिंगहॅम इथे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा अठ्ठेचाळीस. तिथेही ‘चाइल्ड इन टाइम’ आहे. वरच्या स्वरांची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. त्यापेक्षा सुरुवातीच्या शांत ओळी ऐकाव्यात आणि शब्दांचे वजन तो आता कुठे ठेवतो, ते टिपावे.

नोंद करताना गाण्याचे नाव, तारीख, शहर, आवृत्तीचे वर्ष आणि मिक्स मूळ की नवा, एवढे प्रत्येक मतापुढे लिहावे. गाण्याची लांबी टाळ्या आणि निवेदन वगळून मोजावी, कारण एकाच सादरीकरणाचा वेळ दोन आवृत्त्यांत निव्वळ टाळ्यांमुळे वेगळा छापलेला असतो. आणि एखाद्या रात्रीबद्दल मत बनले की ती आवृत्ती काही दिवसांनी गाण्यांचा क्रम उलटा करून पुन्हा ऐकावी. आधी ऐकलेल्या गाण्याचा प्रभाव नंतरच्या गाण्यावर किती पडला होता, हे तेव्हाच कळते आणि मत बदलले तर जुन्या नोंदीखाली नव्या तारखेसह लिहून ठेवता येते.