आरबीएसके पथकात नव्याने रुजू होताय?

बीएएमएस झालं, इंटर्नशिप संपली आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी जागा निघाली, की आपल्याकडची बरीच मुलं-मुली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (आरबीएसके) पथकात येतात. मीही तशीच आले, बीड जिल्ह्यात. २०१३ साली सुरू झालेला हा कार्यक्रम शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पथकात दोन डॉक्टर (एक स्त्री, एक पुरुष), औषध निर्माता आणि एएनएम (परिचारिका). अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची व रक्ताची कमतरता, बालपणीचे आजार, वाढीतला विलंब एवढं शोधायचं आणि पुढे पाठवायचं. हे सगळं प्रशिक्षणात सांगतातच.

तिथे ठसत नाही ती गोष्ट म्हणजे वेळ. शाळेत वर्षातून एकदाच जायचं, तर ते कधी? आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागातली बरीच वस्ती दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जाते. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता जोडीने, म्हणजे नवरा-बायको मिळून, निघतो आणि लेकरंही ट्रॅक्टरमागे जातात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहणारी सोडली तर बाकीची उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणून सूक्ष्म नियोजन करताना ऊसतोडीची गावं जुलै ते सप्टेंबरमध्ये घ्या आणि रस्त्यालगतच्या, बागायती शेतीच्या गावांच्या शाळा हिवाळ्यासाठी ठेवा. तालुक्यात उलटा आराखडा तयार असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून तो बदलून घ्या. जानेवारीत रिकाम्या वर्गात जाऊन 'गैरहजर' लिहिण्यात काही अर्थ नाही, कारण ज्याला आपली सगळ्यात जास्त गरज आहे तेच लेकरू तेव्हा उसाच्या फडावर असतं.

डोळे तपासताना थोडी काळजी घ्या. रांग तक्त्यासमोर लावली की मागची पोरं अक्षरं ऐकूनच पाठ करतात. एकेकाला आत घ्या, बाकीची व्हरांड्यात. सहा मीटर अंतर टेपने मोजा. डोळा बोटांनी झाकू देऊ नका, फटीतून बघतात. तळहात लावायला सांगा. अक्षरओळख नसलेल्यांना 'ई'चा तक्ता दाखवा आणि दिशा हाताने दाखवू द्या. मुलीला नंबर निघाला की घरून हमखास ऐकू येतं, 'चष्मा लागला तर उद्या लग्नाला अडचण येईल.' तिथे व्याख्यान देऊ नका. फळ्यावर एक ओळ लिहा आणि आईला शेवटच्या बाकावर बसवून दाखवा, आपली लेक तिथून किती वाचते ते. आया लगेच समजतात.

हृदयाचा आजार असलेलं मूल बहुतेक वेळा स्टेथोस्कोपच्या आधी शिक्षकांनाच माहीत असतं. मी तपासणीआधी नेहमी विचारते, 'कबड्डीला कोण बसून राहतं? पळून आल्यावर उकिडवं कोण बसतं?' त्या मुलांचं छातीचं परीक्षण शांत खोलीत, सावकाश करा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि शस्त्रक्रिया मोफत होते, पण आधार, रेशन कार्ड, मजुरी बुडणं, रात्रीची बस आणि आजीची भीती यांतून वाट काढणं हे आपलंच काम आहे. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे आपण पाठवलेल्या मुलांची पुढची तपासणी-उपचार करणाऱ्या केंद्रात, कुणाला भेटायचं ते चिठ्ठीवर लिहा. नुसतं 'पुढे दाखवा' म्हणून कुणी जात नसतं.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. पाचवीपर्यंतच्या वयाला गुलाबी, किशोरवयीनांना निळी, आठवड्यातून एकदा. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग नको म्हणतो. खिचडी झाल्यावर, शिक्षकांसमोर, चहा न घेता. शौच काळं होतं हे आधीच सांगून ठेवा.

मुलींशी बोलायला वेगळी खोली मागाच, आणि महिला डॉक्टर किंवा एएनएमनेच बोलावं. पाळीच्या प्रश्नाने सुरुवात होते, मग हळूहळू कळतं की सातवी-आठवीतल्या कुणाचं तरी दिवाळीआधी लग्न ठरतंय. जोडीला उचल जास्त मिळते, एकटी लेक मागे ठेवायची भीती असते. आईबापांची ओढाताण मला समजते, तरी तेरा-चौदाव्या वर्षीचं बाळंतपण म्हणजे काय हे आपण दवाखान्यात पाहिलेलं असतं. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला कळवा. नाव सांगणारी मुलगी कोण, हे गावात कुणालाही कळता कामा नये.

घरात आत्महत्या झालेली मुलं मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळांत भेटतात. पोट दुखतं, डोकं दुखतं म्हणून ती आपल्यापुढे येतात. औषध देऊन पाठवू नका, वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन विचारा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक शिक्षकांनाही लिहून द्या.

आणि एक वेगळी वही ठेवा, फक्त संदर्भित, म्हणजे पुढे पाठवलेल्या, मुलांची. त्यात वडिलांचा फोन, शेजाऱ्याचा फोन, गावी राहणाऱ्या आजीचा फोन आणि मुकादमाचाही. हंगामात वडिलांचा नंबर बहुतेक बंद असतो, मुकादमाचा कायम लागतो. चिठ्ठीची एक प्रत पालकांकडे द्या, म्हणजे मूल सांगलीत असो वा बेळगावात, तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला आपण काय पाहिलं ते वाचता येतं.