ट्रायकेअर मिळालं, तरी औषधाचा क्लेम रिजेक्ट: माझा अनुभव

नवरा अमेरिकी सैन्यात, म्हणून मला ट्रायकेअर, म्हणजे सैन्यातल्यांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा आरोग्य विमा. लग्नानंतर डीअर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या लाभार्थी-नोंदणीत, माझं नाव चढलं, ९० दिवसांच्या मुदतीत ट्रायकेअरचा प्लॅनही घेतला. तरी थायरॉइडच्या गोळ्यांचा क्लेम परत आला: ‘दुसरा विमा आहे’. नवं प्रिस्क्रिप्शन, दुसरी फार्मसी, काहीच लागू पडेना. जीव मेटाकुटीला आला.

अडलं होतं माझ्या जुन्या नोकरीच्या विम्यावर. तो संपला होता, पण नोंदीत चालूच. आणि दुसरा विमा असला की ट्रायकेअर त्याच्यानंतरच पैसे देतं. आधी जुन्या विमा कंपनीकडून विमा संपल्याच्या तारखेचं पत्र घेतलं. मग ट्रायकेअरचे औषधांचे क्लेम बघणाऱ्या एक्सप्रेस स्क्रिप्ट्स कंपनीला फोन करून ती तारीख नोंदवून घेतली. नोंद बदलल्यावरच फार्मसीला तोच क्लेम पुन्हा पाठवायला सांगितला. मंजूर झाला! मधल्या काळात खिशातून भरलं असेल, तर पावत्या जपा. ट्रायकेअरचा डीडी २६४२ हा क्लेम फॉर्म भरून परतावा मागता येतो.