वेबसाइटला पेमेंट गेटवे जोडताय? आधी या चुका टाळा

दर नवरात्राच्या तोंडावर मला तेच फोन येतात. "ताई, साइट तयार आहे, फक्त पेमेंट जोडायचंय. सगळ्यात स्वस्त कोणतं?" घट बसायला आठ दिवस उरलेले असतात, चणिया-चोळीचे फोटो चढवून झालेले असतात, आणि पैसे कसे येणार, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोचवणारी सेवा (पेमेंट गेटवे) कोणती, हे मात्र शेवटी आठवतं. मी बडोद्यात छोटी दुकानं आणि घरगुती उद्योग यांच्या वेबसाइट करून देते. त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, कारण जे पैसे अडकतात किंवा बुडतात ते कुणाच्या तरी महिन्याच्या किराण्याचे असतात.

नुसता टक्का बघून गेटवे ठरवणं

कार्ड आणि नेटबँकिंगला साधारण दोन टक्के फी असते आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. ५,००० रुपयांच्या ऑर्डरवर १०० रुपये फी आणि १८ रुपये जीएसटी, म्हणजे खात्यात ४,८८२. मग कुणीतरी पावणेदोन टक्केवाला शोधून आणतो आणि खूश होतो. पण तुमची कार्डाची विक्री महिन्याला ७५,००० असेल, तर पाव टक्क्यानं वाचतात १८७ रुपये ५० पैसे, जीएसटी धरून फार तर २२१. त्याच गेटवेनं वर्षाला समजा ५,००० रुपये देखभाल फी लावली, तर ती महिन्याला ४१६ पडते. वाचलं त्याच्या जवळजवळ दुप्पट गेलं.

लहान रकमेच्या ऑर्डरींना वेगळाच फटका बसतो. दर व्यवहाराला दोन टक्के अधिक तीन रुपये असा दर असेल, तर २५० रुपयांच्या मेतकुटाच्या पाकिटावर आठ रुपये जातात. ते झाले ३.२ टक्के.

माझी पद्धत अशी: मागच्या महिन्यातल्या ऑर्डरी वहीत लिहायच्या, यूपीआयच्या किती, कार्डाच्या किती, आणि प्रत्येक गेटवेचा दर त्याच आकड्यांना लावायचा. अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसेल त्यानं निदान स्वस्त-महाग ठरवू नये.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं व्यवहार-शुल्क) १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कुणी पैसे दिले, तर छोट्या व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे लागतं. शिवाय काही गेटवे यूपीआयवरही स्वतःची सेवा-फी घेतात. "यूपीआय फ्री आहे ना?" असं फोनवर विचारून भागत नाही. दरपत्रक ईमेलवर मागून घ्या.

पैसे आले असं स्क्रीनवर दिसलं, म्हणून माल पाठवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

बडोद्यातल्या दांडिया बाजारात एक काकू भाजणी, चकली, अनारशाचं पीठ करतात. हाताला अशी चव की पुण्याहून मागणी येते. त्यांच्या पुतण्यानं एका संध्याकाळी व्हिडिओ बघत बघत साइटला गेटवे जोडून दिला. दिवाळी आली. ऑर्डर आली की साइटवर "पेमेंट यशस्वी" दिसायचं, ग्राहकाला ईमेल जायचा, काकू डबा भरायच्या आणि कुरियरला द्यायच्या. असे ३७ डबे गेले. मी चकली घ्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, "काकू, बँकेत किती जमा झाले?" त्या म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठे वेळ आहे? भाऊबीज झाली की बघू."

मी तिथंच त्यांच्या मोबाइलवर डॅशबोर्ड, म्हणजे गेटवेवरचं व्यवहारांचं पान, उघडला. सगळ्या व्यवहारांपुढे "ऑथराइझ्ड" लिहिलेलं, "कॅप्चर्ड" एकही नाही. ऑथराइझ म्हणजे ग्राहकाच्या बँकेनं रक्कम मंजूर केली. ती दुकानदारानं स्वीकारली, असं गेटवेला कळवणं म्हणजे कॅप्चर. ठरलेल्या मुदतीत तसं कळवलं नाही, तर रक्कम आपोआप ग्राहकाकडे परत जाते. सेटिंगमध्ये ऑटो कॅप्चरचं एक बटण असतं, ते पुतण्यानं चालू केलं नव्हतं. जे व्यवहार मुदतीत होते ते आम्ही तिथल्या तिथे कॅप्चर केले. पण आधीच्या २१ जणांचे पैसे परत गेले होते आणि डबे त्यांच्या घरी पोचले होते. काकूंनी एकेकाला फोन केला. १६ जणांनी लगेच पैसे पाठवले. बाकीच्या पाच जणांनी फोन उचलणं बंद केलं. तूप, साखर, मजुरी, कुरियर सगळं काकूंच्या अंगावर पडलं. त्या मला म्हणाल्या, "मेली, मला वाटलं मशीनला सगळं कळतं."

पुतण्याचा मला राग नाही, पण घाईचा आहे. व्हिडिओ बघून गेटवे जोडता येतो, तपासता येत नाही. टेस्ट मोडमध्ये खोटं कार्ड चाललं की नवखी मुलं हात झटकतात. मी टेस्ट मोडवर कधीच थांबत नाही. लाइव्ह झाल्यावर स्वतःच्या फोनवरून दहा रुपयांची वस्तू घेते, एकदा यूपीआयनं, एकदा कार्डानं. ते पैसे दुकानदाराच्या पासबुकात उतरेपर्यंत दोन-तीन दिवस वाट बघते. मग त्यातला एक व्यवहार रिफंड करते. रिफंड केला तरी गेटवेची फी सहसा परत मिळत नाही, हेही तेव्हाच दुकानदाराला डोळ्यांनी दिसतं. हे सगळं होईपर्यंत साइटची जाहिरात करू देत नाही.

वेबहुकचंही असंच. वेबहुक म्हणजे पैसे आल्याचा निरोप गेटवेनं थेट साइटला देण्याची सोय. ग्राहक पैसे देतो आणि साइटवर परत येण्याआधीच ब्राउझर बंद करतो. वेबहुक लावलेला नसेल तर पैसे येतात, ऑर्डर मात्र नोंदलीच जात नाही.

कागदपत्रांतली नावं न जुळणं

पाटीवर गृहउद्योगाचं नाव, पॅन स्वतःचं, बँक खातं यजमानांचं. असं असलं की केवायसी अडकणारच. गेटवेचा फॉर्म भरण्याआधी पॅन आणि खातं एकाच नावावर आणा. साइटवर संपर्क, परतावा, डिलिव्हरी आणि गोपनीयता यांची पानं हवीत, आणि ती खरी हवीत. दुसऱ्याची उचलून चिकटवलेली पानं मी बघितली आहेत. पत्ता सुरतचा, दुकान बडोद्याच्या रावपुऱ्यात! घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात अर्ज करून मला फोन करू नका, निदान महिनाभर आधी करा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

स्वतःचा खासगी क्यूआर साइटवर टाकून स्क्रीनशॉट मागवणं. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. मी हे काम घेतच नाही.

अनोळखी कंपनी. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० ला पेमेंट अॅग्रिगेटरांसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीनं ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी, नियम काढले, तेव्हापासून व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात (कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या राखीव खात्यात) ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. त्यात नाव नसेल तर दर कितीही कमी असो, सोडून द्या.

कोणता गेटवे घ्यावा हे सांगणाऱ्या जुन्या याद्यांवर विश्वास. पेपॅल या परदेशी पेमेंट कंपनीनं भारतातल्या भारतात पैसे घेणं १ एप्रिल २०२१ पासून बंद केलं, तरी स्थानिक विक्रीसाठी ते हवं म्हणणारे अजून भेटतात.

खात्यातून पैसे गेले पण दुकानात पोचले नाहीत, असा ग्राहकाचा फोन आला की घाबरून आपल्या खिशातून परत देणं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्याला व्यवहार क्रमांक द्या आणि हे समजावून सांगा.

कुरियरच्या पावत्या टाकून देणं. चार्जबॅक आला, म्हणजे ग्राहकानं बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले, की उत्तराला मोजकेच दिवस मिळतात आणि माल पोचल्याचा पुरावा तेवढाच असतो. काकू आता पावत्या भाजणीच्या रिकाम्या डब्यात महिन्यावार बांधून ठेवतात, आणि रोज रात्री डॅशबोर्डवरचा आकडा पासबुकाशी ताडून बघतात.